सेन्सरच्या १४ दिवसांच्या डेटावरून पेशंटनिहाय आहारसल्ला: मॉडेलला नेमकं काय द्यायचं?

आहार_सल्लागार
आमच्या क्लिनिकमध्ये टाइप २ मधुमेहाच्या पेशंटच्या दंडावर सतत साखर मोजणारा लिब्रे प्रो सेन्सर लावतात. १४ दिवसांनी रीडर टेकवला की दर १५ मिनिटांची एक, अशा १,३०० हून जास्त नोंदी मिळतात. सोबत पेशंटने लिहिलेली जेवणाची वही असते. असा तीसेक पेशंटचा डेटा जमलाय. त्यावर मशीन लर्निंगचं मॉडेल बसवून ‘यांना पोहे चालतील, इडली नको’ असं प्रत्येकाला सांगता येईल का? डेटा साफ कसा करायचा आणि उत्तरावर कितपत भरवसा ठेवायचा?

विदा_वाचक
तीस पेशंटवर असं मॉडेल उभं राहणार नाही, हे आधीच सांगतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ साली हेच काम केलं तेव्हा ८०० माणसं आणि सुमारे ४७ हजार जेवणं होती, शिवाय रक्ततपासण्या आणि आतड्यातल्या जिवाणूंची माहिती. नुसत्या कर्बोदकांवरून साखरेचा अंदाज बांधला तेव्हा प्रत्यक्ष मोजमापाशी सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणी) ०.३८ आला, सगळी माहिती घातल्यावर ०.६८. सुधारणा मोठी आहे, पण अचूक भाकीत नव्हे. आणि ती माणसं मधुमेहीही नव्हती.

साफसफाईत सगळ्यात आधी वेळ बघा. काही सॉफ्टवेअर फाइल काढताना ग्रीनिच वेळ लावतात. मग सकाळी साडेआठचा नाश्ता पहाटे तीनला दिसतो आणि वहीतलं एकही जेवण आलेखाशी जुळत नाही. तारखेत महिना आधी की दिवस आधी, तेही तपासा. आकडे ५, ७, ९ असे दिसले तर ते मिलिमोलमध्ये आहेत, नेहमीच्या मिलिग्रॅममध्ये (mg/dL) आणायला १८ ने गुणा. पहिले २४ तास सरळ वगळा, सेन्सर तेव्हा स्थिरावलेला नसतो.

रात्रीचे खड्डे वेगळे काढा. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्यावर तो दबतो, आकडा एकदम ६० च्या खाली जातो आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर येतो. खरी हायपो (साखर धोकादायक खाली जाणं) इतक्या लवकर आपोआप भरून येत नाही. हे खड्डे तसेच ठेवले तर मॉडेल रात्रीच्या जेवणाला दोष देतं.

पुढेमागे मॉडेल केलंच, तर चाचणीसाठी अख्खा पेशंट बाजूला ठेवा. नोंदी सरसकट फेटून वाटल्या तर एकाच जेवणाच्या आलेखाचा अर्धा भाग शिकवण्यात आणि अर्धा तपासण्यात जातो. मग निकाल फार सुंदर दिसतो आणि नवीन पेशंटवर कोसळतो.

मधुमेह_ओपीडी
वरच्याशी सहमत. तीस जणांचं एक मॉडेल करण्यापेक्षा प्रत्येक पेशंटची तुलना त्याच्याशीच करा. एकच जेवण किमान दोनदा, शक्यतो तीनदा द्या. उदाहरणार्थ कच्चे पोहे ५० ग्रॅम वजन करून (कर्बोदकं साधारण ३८ ग्रॅम), तेल आणि शेंगदाणे मोजून, त्याच वेळी, आदल्या रात्री हलकं जेवण. खाण्याआधीचा आकडा, दोन तासांतला सर्वोच्च आकडा आणि मूळ पातळीवर यायला लागलेला वेळ, एवढं टिपा. मग एकच गोष्ट बदला: आधी वाटीभर उसळ, किंवा खाल्ल्यावर १५ मिनिटं चालणं. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

पुनरावृत्तीवर एवढा जोर देण्याचं कारण आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या २०२० च्या अभ्यासात, मधुमेह नसलेल्या लोकांना दोन कंपन्यांचे सेन्सर एकाच वेळी लावले होते. कुठल्या जेवणाने साखर जास्त चढते याची क्रमवारी दोन्ही सेन्सरांनी वेगळी दिली. त्यामुळे एकदाच खाल्लेल्या इडलीवरून ‘इडली नको’ म्हणणं पेशंटवर अन्याय आहे.

वहीत ‘भात-आमटी’ लिहिलेलं काही कामाचं नाही. वाटी किती मिलिलिटरची ते एकदा मोजून घ्या आणि मधला चहा-बिस्किटं लिहायला लावा. निम्मे न समजणारे चढ तिथेच सापडतात.

लॅबवाली
एक भर. सेन्सरच्या सरासरीला ०.०२३९२ ने गुणून ३.३१ मिळवले की जीएमआय, म्हणजे सेन्सरवरून काढलेला एचबीए१सीचा अंदाज येतो. सरासरी १५४ असेल तर साधारण ७.०. तो लॅबच्या एचबीए१सीपेक्षा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ०.५ हून जास्त वेगळा निघाला तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघा. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटा वाढतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात म्हणून तो खोटा कमी येतो. विदर्भातले किंवा नंदुरबारकडचे पेशंट असतील तर हे नक्की तपासा. व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा. त्यांनी सेन्सरचा आकडा वर जाऊ शकतो.

आहार_सल्लागार
वेळेचा घोळ आमच्या फाइलमध्ये खरंच आहे, साडेपाच तास. आणखी एक: वजनाऐवजी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) घातला तर चालेल का?

मधुमेह_ओपीडी
एकटा बीएमआय पुरत नाही, कंबरेचा घेर घालाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. युरोपियन डेटावर शिकलेलं मॉडेल बीएमआय बघून आपल्या सडपातळ माणसाला निर्धास्त ठरवतं. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा धरतात.

आणि औषधांचा रकाना रिकामा असेल तर सल्ला देऊच नका. ग्लिमेपिराइडवर (इन्सुलिन वाढवणारी गोळी) असलेल्या पेशंटचा भात कमी केला आणि गोळी तीच ठेवली तर साखर खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिनवर (लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी) कर्बोदकं फार कापली तर साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन साचून आम्लता वाढणं, होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासायचे, साखरेच्या आकड्यावर विसंबायचं नाही. साखर ७० ते १८० मध्ये ७० टक्के वेळ राहावी हे उद्दिष्टही सगळ्यांना सारखं लावू नका. वयस्कर, एकटे राहणारे, हायपोचा धोका असलेले यांना ५० टक्के पुरतं, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा. जेवणाचा बदल सुचवणारी प्रत्येक ओळ डॉक्टरांच्या सहीनंतरच पेशंटकडे जाऊ द्या.