फासकीत बिबट्या अडकलाय, पथक येईपर्यंत काय करू?

लांज्याजवळ आमच्या काजूच्या बागेत कुणीतरी डुकरासाठी फासकी लावली होती. आज सकाळी तिच्यात बिबट्या अडकलेला दिसला. क्लचवायरचा फास कमरेला बसलाय, तार आइनाच्या बुंध्याला बांधलेली आहे. जोरात झटके देतो, मग जीभ बाहेर काढून धापा टाकत पडून राहतो. बघवत नाही.

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केलाय. वनरक्षक पोहोचलेत, पण बेशुद्ध करणारे डॉक्टर आणि पिंजरा यायला दोन तास तरी लागतील. कुत्रे बांधले, माणसं गडग्यापलीकडे थांबवली, मोबाइलवर शूटिंग बंद करायला लावलं. तार कापायला कुणालाही जाऊ दिलेलं नाही. सुटला तर समोरच्यावरच येईल, आणि तुटकी तार कमरेत घेऊन पळाला तर जखम चिघळून मरेल.

आता ऊन थेट अंगावर आलंय. ताडपत्री आणि लांब बांबू आहेत, पण कुणी चार पावलं पुढे गेलं की तो उसळतो आणि फास आणखी आवळतो.

अशा रेस्क्यूत काम केलेल्यांनी कृपया लगेच सांगा: सावली करायला जावं की लांबच राहावं? आणि बेशुद्धीच्या इंजेक्शनआधी पाणी दिलेलं चालतं का?