गाऊजची मूठ: आधी भोक की आधी कातकाम?

प्रश्न: १२ मिमी गोल दांड्याचं, बिनमुठीचं गाऊज (लाकूड कातायची पन्हळीसारख्या पात्याची पटाशी) घेतलंय. मूठ लेथवर (लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर) झकास कातली, मग दांड्यासाठी भोक पाडलं, तर ते तिरकं गेलं. पातं बघतंय एकीकडे, मूठ दुसरीकडे! कुठे चुकलो?

उत्तर १: क्रम उलटा झाला. आधी चौकोनी ठोकळ्यातच साधारण ६० मिमी खोल भोक पाडा. मग टेलस्टॉकचं (लेथच्या सरकत्या टोकाकडच्या आधाराचं) शंकूसारखं लाइव्ह सेंटर, म्हणजे लाकडासोबत फिरणारं टोक, त्याच भोकात टेकवून काता. भोक थोडं तिरकं असलं तरी मूठ त्याच्याभोवतीच गोल होते.

उत्तर २: लाकूड सरळ रेषांचं घ्या. माझी पहिली मूठ मी गाठीचं रूप बघून निवडली. एकदा हत्यार अडकलं आणि बरोब्बर गाठीतच चिरली. तोंडाशी पितळी नळीचा तुकडा घट्ट ठोकून बसवा, तिथे कंजुषी नको. वाडग्याच्या कामाला मूठ ४०० मिमीच्या आसपास बरी. चकचकीत वॉर्निशवर हात घसरतो, जवसाचं तेल पुरे.

प्रश्नकर्ता: मग वाकडी मूठ चुलीत?

उत्तर १: छे! भोकात लाकडी खुंटी एपॉक्सी गोंदाने बसवा, एक दिवस थांबा, पुन्हा भोक पाडा. नंतर परत सेंटरवर. थोडी बारीक होईल इतकंच.