परत आल्यावरचे पहिले तीन महिने: तुमचा अनुभव सांगा

वसई

बिनपगारी रजा घेऊन गेल्या वर्षी मी फ्रान्समधल्या तेझे गावी पाच महिने स्वयंसेवक होते. १९४० साली ब्रदर रॉजर तिथे आले आणि पुढे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांतल्या ब्रदरांचा मठ उभा राहिला. उन्हाळ्यात दर आठवड्याला देशोदेशीची हजारो तरुण मुलं येतात. दिवसातून तीनदा घंटा होतात, हातातलं काम टाकून सगळे चर्चमध्ये जाऊन जमिनीवर बसतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची, मग मध्ये सात-आठ मिनिटं पूर्ण शांतता. माझं काम भांड्यांचं. चहाला तिथे बिनकानाचे वाडगे असतात, दोन्ही हातांनी धरून प्यायचे. ते ढिगांनी विसळले, आणि एकदाही कंटाळा आला नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी इथल्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेले. भाषा माझी, माणसं ओळखीची, आणि मला रडू आवरेना. ती शांतता कुठेच नव्हती. घरीही मी गप्प गप्प. दोन आठवड्यांनी आई म्हणाली, "तिकडे जगाची भांडी घासलीस, इथे चार ताटांना हात लावत नाहीस."

खरंच होतं. तिथे घासताना प्रार्थना वाटायची, इथे नुसतं काम वाटतं. तुमच्यापैकी कोणी असं श्रद्धेपोटी सेवेला जाऊन आलं असेल तर लिहा. तिथलं वर्णन थोडक्यात चालेल, घरी आल्यावर काय झालं ते सविस्तर हवं.

पुणे

मी इंग्लंडमध्ये हेरफर्डशरच्या धम्मदीप विपश्यना केंद्रावर चार महिने धम्मसेवक, म्हणजे ध्यानशिबिरांत सेवा देणारा स्वयंसेवक होतो. विपश्यनेला संप्रदाय म्हणत नाहीत, पण मी गेलो तो श्रद्धेनेच. पहाटे चारला घंटा. सकाळी आठ, दुपारी अडीच, संध्याकाळी सहा या सामूहिक बैठकांना सेवकांनीही बसायचं, बाकी वेळ स्वयंपाकघर. बोलायचं ते गरजेपुरतं.

घरी आल्यावर मला कुकरची शिट्टीसुद्धा सहन होईना. सकाळी ओट्यापाशी मी तिथल्यासारखाच मौनात भाजी चिरायचो. मला वाटे, किती छान चाललंय. आठवड्याभराने सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, तू माझ्यावर चिडलायस का?" तिथे सगळेच मौनात असतात, म्हणून ते मौन असतं. घरात एकटाच गप्प बसलेला माणूस रुसलेला दिसतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता पाच ते सहा बैठक. सहानंतर मुलीचा डबा मी करतो आणि ती शेजारी बसून बडबड करते. ती ऐकायची. एवढंच ठरवलंय.

नागपूर

जय भीम. मी कॉलेजात शिकवते. वर्षभराच्या रजेतले सहा महिने तारालोकाला राहिले. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर स्त्रियांचं बौद्ध ध्यानकेंद्र आहे, १९८५ पासूनचं. खोल्या झाडायच्या, बाग बघायची. संध्याकाळी बाया बाबासाहेबांबद्दल विचारत. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते हे ऐकून एक वयस्कर बाई कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या होत्या.

घरी आईला फोटो दाखवत होते. एका फोटोत मी वऱ्हांडा झाडतेय. आईनं फोन खाली ठेवला. म्हणाली, "तुह्या आजीनं जन्मभर पाटलाचं अंगण झाडलं. तुह्या हातात खराटा येऊ नये म्हणून शिकवलं आम्ही."

मी सेवा, स्वेच्छा, दान असलं सगळं बोलायला लागले आणि मध्येच थांबले. मी ज्याला सेवा म्हणत होते, ते आमच्या घरात तीन पिढ्या सक्तीनं करून घेतलं गेलं होतं. ते झाडणं मला मुक्त करणारं वाटलं, कारण मला कोणी झाडायला लावलं नव्हतं. पण आईला फोटोत तिची आईच दिसली असणार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोघी दीक्षाभूमीजवळ भोजनदानाला गेलो. खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांना आई दिवसभर पाणी देत होती, बसली नाही. फोटोचा विषय आम्ही अजून काढलेला नाही.

अहिल्यानगर

मी स्वतः गेले नव्हते. आमचे हे डॉक्टर, वर्षभर केनियात एका मिशन रुग्णालयात सेवा देऊन आले. आले तेव्हा वीस मिनिटं सुपरमार्केटात साबणाच्या फडताळासमोर उभे राहिले आणि काही न घेता बाहेर पडले. एका लग्नात लोकांनी ताटात टाकलेलं पाहून जेवणावरून उठले. चर्चमध्ये सत्कार झाला, शाल दिली, सगळे ह्यांना तिकडचं विचारत होते.

त्या वर्षी मी इथे सासऱ्यांचं आजारपण काढलं. रात्री तीन-तीनदा उठून कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला कुणी सेवा म्हटलं नाही, मीही म्हटलं नव्हतं. ह्यांच्यावर राग नाही, हे चांगल्या कामाला गेले होते. पण वसईच्या ताई, तुमच्या आई भांड्यांबद्दल बोलत नसाव्यात. ह्यांनी मला पाचव्या महिन्यात विचारलं, "माझ्यामागे तू कसं निभावलंस?" ते पहिल्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वसई

ताई, तुमचं वाचून काल रात्री भांडी आवरताना आईला तेच विचारलं. मी विसळत होते, ती पुसत होती. जुलैत अंगणात घसरून तिचा गुडघा दुखावला होता, तीन आठवडे ती जिना चढली नव्हती. दर रविवारी फोन व्हायचा आमचा, तेव्हा एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे गातात ते म्हणून दाखव." म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ती बरोबर गुणगुणली.

आणखी कोणी असेल तर लिहा.