बी-२०३ मधली घरघर

ए-१०१ (रात्री ११:४२): कोणाच्या घरी एवढ्या रात्री मिक्सर चालू आहे का? तीन दिवस घरघर ऐकू येतेय. पंप बंद आहे, खाली जाऊन बघून आलो.

बी-३०२: मलापण वाटलं टाकी भरतेय. दोनदा उठले.

बी-२०३: माफ करा, अपराधी मीच 🙏 दगड पॉलिश करायचं मशीन आहे, टंबलर. रबरी डबा रोलरवर फिरत राहतो. उद्या खाली गोधडी घालतो. मध्येच बंद करत नाही, सात दिवस फिरवावं लागतं.

ए-१०१: सात दिवस? दगडाला?

बी-२०३: ही पहिलीच पायरी. आधी जाड ग्रिट (घासायची खरखरीत पूड), मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पूड. महिना धरा. किनाऱ्यावर गोटा ओला असतो तोवर चमकतो आणि घरी आणून वाळला की मेला. ती ओली चमक टिकवायची, एवढाच खटाटोप.

सी-१०४: काका, आमची धाकटी रोज विचारते, माझा दगड कधी? कॅलेंडरवर फुल्या मारतेय.

बी-२०३: तिची ती कणकवलीकडची पांढरी गारगोटी ना? नाकासारखा कोपरा होता, तो गेला असेल आता. रविवारी डबा उघडतोय, पोरांना घेऊन खाली नळाजवळ या. जुने कपडे घाला, लेंदा (डब्यातला चिखल) उडतो. एकेक दगड ब्रशने धुवायचाय. जाड ग्रिटचा एक कण जरी पुढच्या फेरीत गेला तरी चरे पडतात. अगदी लहानांना मात्र हातात देऊ नका, तोंडात घालतात.

सी-१०४: तिचा दादा विचारतोय, ग्रिटऐवजी मांडवीची काळी वाळू चालेल का?

बी-२०३: डोकं चाललंय त्याचं 😄 पण नाही. ती इल्मेनाइट नावाच्या खनिजाची, गारगोटीपेक्षा मऊ. ग्रिट सिलिकॉन कार्बाइडची लागते.

बी-३०२: नातवाने जांभ्याचे तुकडे नि शंख साठवलेत. घेता का?

बी-२०३: वहिनी, शंखांचं पीठ होईल. जांभा मागच्या पावसात टाकून बघितला. आठवड्याने झाकण काढलं तर आत लाल चिखल, पोरं रडायची बाकी. काळा कातळ गुळगुळीत होतो, पण आरशासारखी चमक येत नाही. नातवाला सांगा, बाटलीच्या काचेवर घासून बघ. चरा उठला आणि दगडाला भोकं नसली, तर आण.

सेक्रेटरी: तो लेंदा टाकता कुठे? गेल्या वर्षी तुमच्याच लाईनीत सिमेंटसारखं काहीतरी बसलं होतं. प्लंबरने दीड हजार घेतले.

बी-२०३: तेही मीच. बेसिनमध्ये ओतला होता, खाली बसून घट्ट झाला. दीड हजार माझ्या मेंटेनन्समध्ये लावा. आता बादलीत निवळू देतो आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाकतो.

सेक्रेटरी: पावती पाठवतो.

बी-३०२: होय महाराजा!

सी-१०४: काका, एवढं करण्यापेक्षा तयार पॉलिशवाले आणून वाटले तर?

बी-२०३: वाटून झालेत. संध्याकाळी निम्मे जिन्यात सापडले. धाकटीला विचारा, ती चाळीस दगडांतून आपला ओळखते.

ए-२०४: गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी पूर्वी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाची पूड नि पाणी घालून घोटत. दोघं समोरासमोर बसून ती पिशवी इकडून तिकडे लोळवायचे, दिवसच्या दिवस.

ए-१०१: हीच पद्धत घ्या. आवाज तरी नाही.

बी-२०३: समोर तुम्ही बसणार असाल तर उद्यापासून सुरू.

ए-१०१ (रात्री १२:१०): रविवारी किती वाजता? माझ्याकडे नेवाशाला प्रवरेत सापडलेला तांबडा गोटा आहे. तीस वर्षं टीव्हीजवळ पडलाय. काचेवर चरा उठतो, आत्ताच बघितलं.

बी-२०३: साडेनऊला. कुठल्या काचेवर?

ए-१०१: हॉलच्या खिडकीच्या. नशीब, ही या ग्रुपवर नाही.