शब्दचर्चा : ‘सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी’ला लवचिकता म्हणावे का?

प्रश्न : धावण्याच्या व्यायामावरील लेखात मी ‘धावल्याने जनुके बदलतात आणि मेंदूची लवचिकता वाढते’ असे लिहिले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत. धावल्याने जनुक बदलत नाही, त्याची सक्रियता बदलते. १९९५ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना फिरत्या चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, बीडीएनएफ या चेतापेशींच्या वाढीला मदत करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापासून बनणारा संदेशवाहक आरएनए वाढलेला आढळला. मूळ जनुक होते तसेच होते, त्याच्या नकला तेवढ्या अधिक निघत होत्या. म्हणून ‘जनुकांची सक्रियता वाढते’ असे लिहावे.

‘सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी’ म्हणजे चेतापेशींच्या संपर्कस्थानांची (सिनॅप्सची) बदलण्याची क्षमता; तिच्यासाठी ‘लवचिकता’ हा शब्द मला अधिक खटकतो. वेताची छडी लवचीक असते, कारण वाकवून सोडली की ती पुन्हा सरळ होते. चेतापेशींच्या संपर्कस्थानाचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे : जोरदार उद्दीपन थांबल्यावरही तेथील जोडणीची वाढलेली ताकद टिकून राहते. १९९९ मध्ये साल्क संस्थेतील हेन्रिएट व्हॅन प्राग आणि फ्रेड गेज यांच्या चमूला धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील डेंटेट गायरस या भागात ही टिकाऊ वाढ न धावणाऱ्यांपेक्षा अधिक दिसली. जे टिकते त्याला पूर्ववत होण्याचा गुण सांगणारा शब्द कसा लावायचा?

प्रश्न : मग ‘आकार्यता’ चालेल का? शिवाय व्यायाम सोडल्यावर बीडीएनएफची वाढ ओसरते, तेव्हा ‘लवचिकता’ अगदीच चूक म्हणता येईल का?

उत्तर : ‘आकार्यता’, म्हणजे आकार देता येण्याचा गुण, हा शब्द अर्थाने अचूक आहे, पण छपाईत एक काना गळाला की ‘अकार्यता’ उरते आणि वाचक भलताच अर्थ घेतो, म्हणून सामान्य वाचकांसाठीच्या लेखात मी तो शब्द टाळतो. मला ‘घडणक्षमता’ पटते. सोनाराने घडवलेली बांगडी आपोआप लगडीत परतत नाही, तरी ती मोडून त्याच सोन्याचा वेगळा दागिना घडवता येतो; संपर्कस्थानेही अशीच बळकट होतात, क्षीण होतात आणि पुन्हा घडतात. बीडीएनएफची ओसरणारी वाढ ही जनुकाच्या सक्रियतेची गोष्ट आहे, तिच्यासाठी ‘चढउतार’ हा साधा शब्द पुरेसा आहे. आपले वाक्य असे करता येईल : ‘नियमित धावल्याने हिप्पोकॅम्पसमधील काही जनुकांची सक्रियता वाढते आणि तेथील संपर्कस्थानांची घडणक्षमता सुधारते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.’ त्यातील ‘उंदरांवरील’ हा शब्द कृपया गाळू नये.