सल्ला हवाय: गावाकडे सावरणाऱ्या नायिकेची प्रेमकथा. ऋतू कोणता, नायक कोण?

शाईपेन
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय. शब्दमर्यादा १०,०००, मजकूर जुलैअखेर द्यायचाय. नायिका पुण्याची, वय ३४, घटस्फोट नुकताच झालाय, त्यात उजवं मनगट मोडलंय. आजोळी येते, राजापूर तालुक्यात. घरात ७८ वर्षांची आजी. तिथे सावरते आणि प्रेमात पडते. शेवट गोडच होणार, त्यावर वाद नको. तीन प्रश्न आहेत: ऋतू कोणता धरू? नायक काय करणारा असावा? आणि बरं होणं प्रवचन न झोडता कसं दाखवू? कादंबरी लिही, असं कृपया सांगू नका.

हापूसभक्त
ऐवज कादंबरीचाच आहे हो. १०,००० शब्दांत नुसती आजी मावेल.
ऋतू एप्रिल-मे, नायक बागायतदार. फक्त तपशील सांभाळा. काढणी झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) आणि देठासकट. देठ तुटला की चीक ओघळतो, साल डागाळते, पेटीचा भाव पडतो. हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवतात, पिकायला पेंढ्याच्या अढीत ठेवतात, रंग धरायला आठ-दहा दिवस. झाडावरचा पिवळाधमक आंबा तोडून तिला भरवणारा बागायतदार लिहिलात तर इकडचा वाचक तिथेच अंक मिटेल.

वऱ्हाडी_ठेचा
झालं, पुन्हा कोकण! वरुड-मोर्शीच्या संत्राबागा कोणाला दिसत नाहीत का? आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळायला लागतात. जानेवारीत पाणी सुरू केलं की फुलं येतात. ताण किती द्यायचा ते जमिनीवर ठरतं, भारी काळी असेल तर जास्त दिवस, हलकी असेल तर कमी. जास्त झाला तर फांद्याच वाळतात. सावरण्याची गोष्ट आयती मांडून ठेवलीय. पण आमच्याकडे समुद्र नाही ना.

कातरवेळ
एप्रिल-मे ला अनुमोदन. बागायतदारालाही. खरं तर तीन भाग करा: आंबा, पाऊस, शिमगा.

घाटमाथा
नायिका येते कशी? बहुतेक कथांत ती कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून रडते. पुण्याची आहे ना? मग कऱ्हाड, मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल, ओणी, राजापूर असा रस्ता आहे. आणि रेल्वेनेच आणायची असेल तर राजापूर रोड स्टेशनावर उतरली म्हणजे राजापुरात पोचली असं नाही, शहर तिथून बरंच लांब आहे.

हापूसभक्त
अणुस्कुऱ्यात पावसात दरड येते. गगनबावड्याने आणा.

घाटमाथा
गगनबावड्याने उतरली तर वैभववाडीत निघेल, तिथून पुन्हा उत्तरेला. मोडका हात घेऊन कशाला फिरवताय तिला? दरड आली तर येऊ दे, गाडी थांबेल, ओळख होईल.

हाडवैरी
मनगटाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. साधं मोडलं असेल तर प्लास्टर पाच-सहा आठवडे. पहिले काही दिवस हात छातीच्या वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची, नाहीतर सूज उतरत नाही. पांढरं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं. फायबरचं मऊ पडत नाही, पण आतला कापूस ओलाच राहतो आणि कातडी पांढरी पडून सोलते, वास येतो. पावसात अंघोळीला पिशवी आणि वर रबर. बोटं निळी पडली, बधिर झाली, दुखणं गोळीनेही थांबेना, तर लगेच डॉक्टर. प्लास्टर काढल्यावर मनगट ताठलेलं असतं, दंड-हात बारीक झालेला असतो, पकड पूर्ववत व्हायला काही महिने जातात. त्यामुळे प्लास्टर निघालं आणि त्याच संध्याकाळी तिने रहाटावरून घागर ओढली, असं होत नाही. कपाचा कान धरता येणं, वेणी घालता येणं, कुलपात किल्ली फिरवता येणं, या क्रमाने जा. किल्ली फिरवणं सर्वांत शेवटी, मनगट वळवायला वेळ लागतो.
अवांतर: ती झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर गावच्या हवेने त्या सुटल्या असं दाखवू नका. नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते. हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच कमी करतात.

मुद्रितशोधक
वरचा प्रतिसाद म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मन सावरलं हे हातावरून दाखवा, मनाचं नाव काढू नका.
या प्रकारच्या कथा कुठे फसतात ते सांगतो. गाव म्हणजे फुकटचा दवाखाना होतो, सगळे गावकरी नायिकेला बरं करायलाच बसलेले. आजी पान २ पासून सुभाषितं बोलते. नायकाला स्वतःची गरज नसते, तो नुसता हसतो आणि चहा देतो. त्याचं काहीतरी अडलेलं हवं आणि ते तिच्याशिवाय सुटू नये. चौथं, शेवटाआधी पहिल्या नवऱ्याचा फोन. तो फोन काढून टाका.
मोजमाप: पहिली भेट १,२०० शब्दांच्या आत. एकत्र काम करण्याचे तीन प्रसंग, प्रत्येकी दीड हजार. दुरावा ७,००० च्या आसपास आणि तो गैरसमजातून नको, खऱ्या अडचणीतून हवा. तीन भागांचा सल्ला देणाऱ्यांनी धागा पुन्हा वाचावा.
आणि राजापूरच्या आजीला मालवणी बोलायला लावू नका.

कलमबहाद्दर
आषाढ धरा, नायक रोपवाटिकावाला. पावसात लावणीचं काम एका हाताने होत नाही, तरवा (भाताची रोपं) उपटायलाच दोन्ही हात लागतात. कोय कलम बघा. जूनमध्ये कोयी रुजवायच्या, रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं तांबूस असतानाच कापायचं. कलमकाडी तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची, पानं आठवडाभर आधी छाटलेली. रोपाला चीर, काडीला पाचर, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. सांध्यात पाणी शिरलं किंवा जाडी जुळली नाही की मेलं. पट्टीचं टोक धरून ठेवायला डावा हात पुरतो, तेव्हा नायिकेला काम आहे.

मुद्रितशोधक
प्रसंग उत्तम. फक्त कलम जुळलं म्हणजे मनं जुळली असं वाक्य आलं तर मी स्वतः येऊन खोडेन.

कातरवेळ
पावसात घेणार असाल तर नायकाला साप चावू द्या. ती विष चोखून काढते. अंगावर काटा!

हाडवैरी
चोखणं, कापणं, करकचून बांधणं, तिन्ही घातक. कोकणात फुरसं भरपूर. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. पाय हलू द्यायचा नाही आणि थेट सरकारी दवाखाना. तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरकी करून बघतात. गोठलं नसेल तर प्रतिसर्पविष सुरू. प्रसंगच हवा असेल तर ती २० मिनिटं घ्या. दोघांना नळीकडे बघत बसण्याखेरीज काही करता येत नाही.

हापूसभक्त
एवढं करण्यापेक्षा एप्रिल-मे घ्या, फुरसं मेमध्येही निघतं.

शाईपेन
सगळ्यांचे आभार. आषाढ-श्रावण नक्की. अणुस्कुरा, प्लास्टर आणि २० मिनिटं घेतली. बागायतदार आणि रोपवाटिकावाला दोघेही रद्द. नायक वस्तीच्या, म्हणजे रात्री गावात मुक्काम करणाऱ्या, एसटीचा वाहक.

हापूसभक्त
वाहक?? दोघांनी करायचं काय, तिकीट?

कलमबहाद्दर
एवढं कलम लिहिलं ते वाया.

घाटमाथा
चालेल की. पण तोच वाहक रोज येत नाही, आगारात ड्युटीचं चक्र असतं. आज तो की दुसरा, हे गाडीची घरघर ऐकून कळत नाही, दार उघडल्यावरच कळतं. तिकीटही बरोबर लिहा: मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना राज्यात प्रवास फुकट. म्हणजे आजी फुकट, नातीला अर्धं.

मुद्रितशोधक
त्याचं अडलेलं काय?

वऱ्हाडी_ठेचा
मी सांगतो. कोकणातल्या आगारांत विदर्भ-मराठवाड्यातले वाहक कितीतरी आहेत. बदलीचा अर्ज टाकून बसलेला मोर्शीचा पोरगा घ्या. बदली मंजूर झाली की ७,००० शब्दांवरचा दुरावा तयार, गैरसमजाची गरज नाही. घरी संत्राबाग, पाणी तोडायला डिसेंबरात माणूस हवा.

शाईपेन
घेतला! आता तो वस्तीला असेल तेव्हा आजीच्या घरी येणार कशाला, एवढंच राहिलं.

घाटमाथा
तिकिटाचं मशीन चार्ज करायला. पावसात गावची वीज जाते, पहाटेच्या गाडीआधी मशीन चार्ज हवं. आजीकडे इन्व्हर्टर दाखवा, आणि त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं काम नायिकेकडे द्या. डाव्या हाताने जमतं.