‘पर्यायी ग्रहण’ म्हणजे नक्की काय?

मधली सुट्टी :
एका दिवाळी अंकासाठी १९५९ सालच्या जॅझ ध्वनिमुद्रणांवर लेख लिहिलाय. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’, जॉन कोल्ट्रेनची ‘जायंट स्टेप्स’. तिन्ही न्यूयॉर्कमध्ये, त्याच वर्षी वाजवलेल्या. पैकी पहिल्या दोन तर एकाच छपराखाली, कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ती इमारत आधी चर्च होती.

लेखात ‘टेक’ (रचना रेकॉर्ड करताना केलेला एकेक प्रयत्न) हा शब्द वीसेक वेळा आलाय. मी लिहिलं होतं, “‘फ्लॅमेंको स्केचेस’चे दोन पूर्ण टेक आहेत. पहिला बाजूला पडला, सहावा तबकडीवर आला.” संपादकांनी ‘टेक’ परका म्हणून सगळीकडे खोडून ‘ग्रहण’ केलं. ध्वनिग्रहण, म्हणून ग्रहण. आता माझ्या लेखात “पहिले ग्रहण बाजूला पडले व सहावे ग्रहण तबकडीवर आले” असं वाक्य आहे. पुढे एक उपशीर्षक, ‘कोल्ट्रेनची पर्यायी ग्रहणे’.

मला फोनवर नीट भांडता आलं नाही, कारण बरा मराठी शब्द सुचवा म्हणाले आणि मला सुचला नाही. तुम्हाला सुचतोय का? रविवारपर्यंत वेळ आहे.

गिरगावचा गोटू :
दे दान सुटे गिराण! सहावं ग्रहण लागलेलं असताना माइल्सने ट्रंपेट तोंडाला लावलं तरी कसं? आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत.
टेक ठेवा हो. सगळ्यांना कळतं.

शुद्धमती :
हसायला सोपं आहे. ‘ध्वनिग्रहण’ चांगला घडवलेला शब्द आहे, पण तो क्रियेचा. एकेका प्रयत्नाला तो लावला की असा विनोद होतो, ही चूक संपादकांची, मराठीची नाही. प्रयत्न मोजायला आपल्याकडे ‘खेप’ आहे. “पहिल्या खेपेला साधलं नाही, सहाव्या खेपेला साधलं.” माझी आजीही हेच म्हणाली असती.

शिवाय ‘टेक’ मराठीत आधीच नांदतोय. टेक म्हणजे बाणा, करारीपणा. टेक राखणं, टेकीने वागणं. आणि ‘टेकीला येणं’ म्हणजे जेरीस येणं. एक टेक घरात असताना दुसरा पाहुणा का बोलवायचा?

गिरगावचा गोटू :
सहा वेळा वाजवून वादक टेकीला येतात, त्यालाच टेक म्हणतात. झालं की जुळून.

तिसरी घंटा :
खेप हमालाची. “चार खेपा झाल्या, अजून दोन पोती राहिलीत.” कोल्ट्रेनने पोती वाहिली नाहीत. (बेसवाला पॉल चेंबर्स वाहत असेल, वाद्याचा आकार बघता.)

मी काही वर्षं रेकॉर्डिंगच्या कामात काढली आहेत, सहायक म्हणून. तिथला शब्द ‘टेक’च, दुसरा नव्हताच. पण त्याच्या आधी ‘मॉनिटर’. म्हणजे टेप न फिरवता केलेली तालीम. “एक मॉनिटर करू, मग टेक.” बिघडला तर ‘एनजी’, जमला तर ‘ओके’. ही भाषा मराठी, गुजराती, गोवेकर, पंजाबी सगळे एकाच सुरात बोलायचे. तुमच्या संपादकांना विचारा, मॉनिटरचं काय करणार? ‘पूर्वग्रहण’?

शुद्धमती :
रंगीत तालीम.

तिसरी घंटा :
रंगीत तालमीत पोशाख असतो, ताई.

दूरदेशी :
न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्या मते अडचण शब्दाची कमी आणि अर्थाची जास्त आहे. इंग्रजीतच ‘टेक’ला दोन पदर आहेत. एक, कोणताही प्रयत्न, ज्याला नंबर पडतो. दुसरा, जो पसंत पडला आणि घेतला, तो.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या वेष्टनामागे पियानोवादक बिल एव्हान्सचं टिपण आहे. त्यात तो म्हणतो की प्रत्येक रचना पहिल्यांदा पूर्ण वाजली, तोच टेक ठरला. हे वाचून लोकांनी ‘सगळं पहिल्याच टेकला झालं’ अशी दंतकथा केली. पण एव्हान्स ‘पूर्ण’ म्हणतोय. मोडलेल्या सुरुवाती त्याने मोजलेल्याच नाहीत. मोजल्या तर ‘सो व्हॉट’ तिसरा टेक आहे. आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’चा पहिला टेक तर पूर्ण वाजलाय, तरी घेतला नाही. म्हणजे तिथे एव्हान्सचं टिपणही चुकतं.

आता ‘खेप’ घाला. पहिला पदर बसतो, दुसरा बसत नाही. “प्रत्येक रचनेची पहिली पूर्ण खेप हीच खेप ठरली.” काही कळलं?

शुद्धमती :
“पहिली पूर्ण खेपच पसंत ठरली.” अगदी कळलं. इंग्रजीने एका शब्दात दोन अर्थ कोंबले म्हणून मराठीनेही कोंबावेत, हा आग्रह का?

एकतारी :
मी शांतपणे एक शब्द ठेवतो : पाठभेद.

पोथीच्या दोन प्रतींत ओवी वेगवेगळी येते, तसं एकाच रचनेची दोन रूपं उरली. म्हणजे मूळ प्रश्नातला ‘पर्यायी टेक’ हा पाठभेदच. १९०९ साली राजवाड्यांनी वेगळ्या प्रतीची ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा आपल्या लोकांनी जे अनुभवलं, तेच जॅझवाल्यांना न निवडलेले टेक बाहेर आल्यावर वाटतं. पाठ असलेली ओळ अचानक वेगळीच पुढे येते.

दूरदेशी :
सुंदर. पण पाठभेद नक्कलकारांच्या हातून होतात. इथे दोन्ही पाठ खुद्द कर्त्याचेच.

एकतारी :
म्हणूनच जास्त मौज. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं घ्या. २६ नोव्हेंबर १९४५, ‘को-को’. पहिल्या टेकला सुरुवातीचा तुकडा झाल्यावर मंडळी सरळ ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या मूळ चालीत शिरली आणि वाजवणं मध्येच थांबवलं गेलं. कारण ती चाल वाजली असती तर तिच्या कर्त्याला मानधन द्यावं लागलं असतं. पुढच्या टेकला चाल गाळून नुसत्या तिच्या सांगाड्यावर पार्कर सुटला आणि इतिहास झाला. तो मोडका पहिला टेकही छापलेला आहे. त्याला ‘पर्याय’ कसं म्हणणार? पर्याय म्हणजे दोन्हींतलं काहीही चाललं असतं. ‘पाठभेद’ म्हटलं की नुसतं एवढंच : हेही सापडलं.

चौकातला अप्पा :
उशिरा आलो. ‘टेक’ इंग्रजी आहे हे कोणी ठरवलं? आमच्या थोरल्या काकांकडे चावीचा ग्रामोफोन होता. ते म्हणायचे, “अरे, सुई टेक.” सुई टेकवली की गाणं सुरू. एकदा टेकवली की एक टेक. रेकॉर्ड कापायच्या यंत्रालाही सुईच असायची, मेणावर टेकवायची. इंग्रजांनी इथून नेला असेल.

शुद्धमती :
अप्पा, नमस्कार. ‘टेक’च्या बाजूने याहून वाईट युक्तिवाद अजून झाला नव्हता.

तिसरी घंटा :
व्युत्पत्ती राहू द्या, पण मेणाचा मुद्दा अप्पांनी नकळत बरोबर आणला. मेणावर कापलेलं लगेच वाजवून बघितलं तर खोबणी खराब व्हायची. म्हणून दोन-तीनदा वाजवून घ्यायचे आणि त्यातला चांगला पुढे वापरायचे. टेकला नंबर देण्याची सवय त्या काळातली. जुन्या तबकडीवर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे तिरक्या उजेडात बघा. शेवटचा आकडा कित्येकदा टेकचा असतो.

मधली सुट्टी :
सगळ्यांचे आभार. एकतारी, ‘पाठभेद’ फार आवडला. फक्त एक अडचण. लेखात ‘फेमस आल्टो ब्रेक’ही आहे. मार्च १९४६मध्ये ‘अ नाइट इन ट्युनिशिया’च्या पहिल्या टेकला पार्करने चार मात्रांच्या घरांत असली काही उडी घेतली, की टेक फुकट गेला तरी कंपनीने तो मिनिटाहूनही लहान तुकडा वेगळा छापला. हा पाठभेद म्हणायचा की त्रुटित प्रत?

एकतारी :
त्रुटित प्रत. अहाहा.

शुद्धमती :
‘चार मात्रांच्या घरांत’ म्हणजे? आवर्तन म्हणा ना.

मधली सुट्टी :
आवर्तन नाही हो, बार. बत्तीस बारांचं मिळून आमचं आवर्तन होतं. बारला शब्द नाही म्हणून घर म्हटलं.

गिरगावचा गोटू :
बारला शब्द नाही?! परमिट रूम!

खारा वारा :
रच्याकने, तुम्ही सगळे न्यूयॉर्कला जाऊन बसलात. मुंबईत ताजमध्ये १९३५ पासून जॅझ वाजत होतं, लिऑन ॲबेच्या बँडपासून. आमच्या गोव्याच्या कितीतरी वादकांनी ते ऐकून हात तयार केले. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, रात्री हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा, दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला. ‘अलबेला’त (१९५१) सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याचा वाटा आहे. म्हणजे ‘टेक’ हा शब्द मराठी संगीतकाराच्या खोलीत सत्तर वर्षांहून जास्त राहतोय. भाडं दिलं नाही म्हणून आता काढणार?

आणि तो शब्द ‘जाझ’ असा ऐकत आम्ही वाढलो. ‘जॅझ’ पुणेरी आहे.

चौकातला अप्पा :
जॅझच. ॲ आहे तिथे ॲ.

खारा वारा :
अप्पा, ज्यांनी वाजवलं ते जाझ म्हणायचे.

दूरदेशी :
ज्यांनी आधी वाजवलं ते तर शब्दच टाळायचे. ड्यूक एलिंग्टनला हे लेबल आवडत नसे.

मधली सुट्टी :
मंडळी, रविवार…

तिसरी घंटा :
‘टाइम आउट’वरून आठवलं. त्यातल्या ‘टेक फाइव्ह’ या रचनेच्या नावाचं कोणी मराठी करू नका प्लीज. एका कार्यक्रमपत्रिकेत मी ‘पाच घ्या’ वाचलंय, खाली ‘ताल : अर्धा झपताल’. पहिलं तर ‘पाच मिनिटं सुट्टी’ असं म्हणायचं असतं, म्हणजे हा ‘टेक’ वेगळाच. दुसरं, झपताल दोन-तीन, दोन-तीन चालतो. ‘टेक फाइव्ह’ तीन-दोन आहे. उलटा.

शुद्धमती :
‘पाच घ्या’ला माझा पाठिंबा नाही, हे नोंदवून ठेवा. पण बॉक्स सेटच्या नावाखाली प्रत्येक चुकलेला टेक विकतात, त्याला एकनाथांनी, ज्ञानेश्वरीत भर घालणाऱ्यांसाठी, आधीच शब्द देऊन ठेवलाय. अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी.

एकतारी :
सगळ्याच नरोट्या नसतात, ताई. ‘जायंट स्टेप्स’च्या छापील टेकवर टॉमी फ्लॅनगनचा पियानो अडखळतो. इतक्या वेगाने बदलणारे स्वरसमूह, तयारीला वेळ नाही. कोल्ट्रेन मात्र घरी घोटून आलेला. तोच ‘पसंत’ टेक आहे! ते अडखळणं मला पाठ आहे. आधीच्या महिन्यांतले टेक दुसऱ्या साथीदारांबरोबरचे, ते नंतर बाहेर आले. दोन्ही ऐकल्याशिवाय फ्लॅनगनवर काय वेळ आली होती ते कळत नाही. त्याने १९८२ साली ‘जायंट स्टेप्स’ नावाचीच रेकॉर्ड केली आणि ती रचना नीट वाजवली.

दूरदेशी :
तेवीस वर्षांनी घेतलेला रीटेक.

शुद्धमती :
किंवा पुढची खेप.

मधली सुट्टी :
संपादकांशी बोलले. ‘खेप’ नको म्हणाले, बाजाराचा वास येतो. ‘पाठभेद’ नको, वाचकाला धार्मिक वाटेल. ‘टेक’ चालेल म्हणाले, पण अवतरणात, प्रत्येक वेळी. वीस वेळा अवतरण. आणि आता विचारतायत, तो टेक की ती टेक?

गिरगावचा गोटू :
तो. तो टेक, ते टेक, त्या टेकला.

शुद्धमती :
मराठी ‘टेक’ स्त्रीलिंगी आहे. त्या घरात राहायचं तर त्या घरची रीत.

तिसरी घंटा :
स्टुडिओत कोणीही ‘ती टेक’ म्हटलेलं ऐकलं नाही. रेकॉर्ड मात्र ती.

चौकातला अप्पा :
रेकॉर्ड ‘ते’. सरकारी रेकॉर्ड ते, धावण्याचा रेकॉर्ड तो.

तिसरी घंटा :
आणि तबकडीची ती. तुमचे काका काय म्हणायचे?

चौकातला अप्पा :
काका ‘प्लेट’ म्हणायचे.